सावली सगळीकडे सारखी काळी नसते

मागच्या वेळी म्हटलं होतं की आता छायाप्रकाशावर बोलू, प्रश्न पाठवा, तर खरंच खूप पत्रं आली, आणि बऱ्याच जणांनी सोबत चित्रंही पाठवली. सगळी नीट बघितली. बघताना एक गोष्ट इतकी ठळकपणे जाणवली की ती आधीच सांगून टाकते. बहुतेक चित्रांत रेखाटन आधी पूर्ण झालंय आणि मग शेडिंग वरून लावलंय, उजेड नेमका कुठून येतोय हे ठरवायचं राहूनच गेलंय. आज उत्तरं देताना मी फिरून फिरून तिथेच येणारे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तरी उत्तर यात असेल.

प्रश्न : ताई, दोन वर्षं पेन्सिलने चित्रं काढतेय. आउटलाईन चांगली येते, पण शेडिंगला हात घातला की चित्राची वाट लागते. सगळं मळकट करडं होतं आणि वस्तू चपट्या दिसतात. बोटाने घासून गुळगुळीत केलं तरी उठाव येत नाही. कुठे चुकतंय?

तुम्ही पाठवलेलं चहाचा मग आणि चेंडू यांचं चित्र समोर ठेवूनच लिहितेय. तुमचा हात चांगला आहे. मगाच्या तोंडाचा लंबगोल अगदी बरोबर बसलाय, आणि तो भल्याभल्यांना जमत नाही. चूक शेडिंगच्या हातात नाहीये, ती त्याच्या आधीच झालीये. मगाच्या डाव्या कडेला गडद केलंय, उजव्या कडेलाही गडद आणि मधे पांढरा पट्टा ठेवलाय. चेंडूला चहूबाजूंनी कडेकडेने काळं केलंय. आणि टेबलावर सावली मात्र उजवीकडे पडलीये. आता सांगा, दिवा कुठे आहे? मगाप्रमाणे बघितलं तर तो समोर आहे, सावलीप्रमाणे बघितलं तर डावीकडे. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही पण त्याच्या डोळ्याला ते खटकतं, आणि म्हणून वस्तू उठत नाही.

कडेला काळं केलं की गोल दिसतं ही सवय जवळपास सगळ्यांना लागलेली असते. ती मोडायला एक संध्याकाळ द्या. खोलीतले बाकी सगळे दिवे बंद करा, एकच टेबललॅम्प ठेवा, डावीकडून थोडा वरून आणि थोडा समोरून. टेबलावर पांढरा कागद अंथरा आणि त्यावर टेबलटेनिसचा पांढरा चेंडू ठेवा. पांढराच घ्या, कारण त्याला स्वतःचा रंग नाही, नक्षी नाही, तिथे फक्त उजेडच दिसतो. लगेच काढायला बसू नका, पाच मिनिटं नुसतं बघा. चेंडूवरून एक हद्द जाते, तिच्या अलीकडे उजेड आणि पलीकडे सावली. जिथे प्रकाशाचे किरण चेंडूला नुसते घासून पुढे जातात तिथे ती हद्द असते. दिवा हळूहळू फिरवा, हद्दही फिरेल. दिवा चेंडूच्या मागे नेलात तर पुढून बारीक कोर उरेल, समोर आणलात तर पौर्णिमा होईल. चंद्राच्या कला म्हणजे हेच.

आता चेंडूची दोन घरं झाली, उजेडाचं आणि सावलीचं. शेडिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की उजेडाच्या घरातली सगळ्यात गडद जागासुद्धा सावलीच्या घरातल्या सगळ्यात फिकट जागेपेक्षा फिकट असायला हवी. (वस्तू एकाच रंगाची असेल तर, रंग बदलला की हिशोब वेगळा.) तुमची चित्रं मळकट दिसतात ती यामुळेच, उजेडाच्या भागात तुम्ही हौसेने इतक्या छटा भरता की तो सावलीएवढा गडद होतो, आणि सावलीत पेन्सिल दाबायला घाबरता म्हणून ती उजेडाएवढी फिकट राहते. दोन्ही मधे येऊन भेटतात आणि सगळं करडं होतं.

म्हणून पहिली दहा चित्रं फक्त दोन टोनमध्ये काढा (टोन म्हणजे जागा किती गडद किंवा फिकट आहे ते). उजेडाच्या जागी कोरा कागद, सावलीच्या जागी एकसारखा मध्यम गडद टोन, आणि चेंडूची सावलीतली बाजू आणि टेबलावर पडलेली सावली दोन्ही त्याच टोनमध्ये, एकमेकांत मिसळल्या तरी चालेल. काढताना डोळे किलकिले करून बघा, पापण्या इतक्या जवळ आणायच्या की बारीकसारीक तपशील पुसले जातील आणि फक्त मोठे आकार उरतील. तुम्हाला आश्चर्य वाटेल पण ही दोन टोनची चित्रं तुमच्या आत्ताच्या चित्रांपेक्षा जास्त गोल दिसतील.

त्यानंतर उजेडाच्या घरात जा, आणि इथे एक बारकावा आहे जो मला स्वतःला फार उशिरा कळला. आपण समजतो की टोन उजेडाकडून अंधाराकडे एकसारखा, जिन्याच्या पायऱ्यांसारखा उतरत जातो. तसं होत नाही. खडबडीत, न चमकणाऱ्या पृष्ठभागावर किती उजेड पडणार हे तो प्रकाशाला किती तिरका आहे यावर ठरतं, योहान लॅम्बर्ट या शास्त्रज्ञाने 1760 मध्ये हा हिशोब मांडला. पृष्ठभाग दिव्याला सरळ तोंड करून असेल तेव्हाचा उजेड 100 धरला, तर 30 अंश वळल्यावर तो साधारण 87 उरतो, 60 अंशांवर 50, आणि शेवटच्या 30 अंशांत उरलेला सगळा जातो. म्हणजे चेंडूचा उजेडाचा भाग बराच वेळ उजळच राहतो आणि हद्दीजवळ आल्यावर भरभर खाली उतरतो. विश्वास बसत नसेल तर एक कोरा कागद दिव्यासमोर धरून हळूहळू वळवा, सुरुवातीला फारसा फरक पडलेला दिसणार नाही आणि मग एकदम काळवंडेल. चेंडू काढताना अर्ध्याहून जास्त उजेड जवळजवळ कोराच राहू द्या, छटांचा सगळा खेळ हद्दीजवळच्या पट्ट्यात करा.

आणि बोटाने घासणं बंद करा, निदान सहा महिने. कागदाला बारीक उंचसखल पोत असतो, पेन्सिल उंचवट्यांवर बसते आणि मधल्या खळग्यांतून कागदाचा पांढरा चमकत राहतो, म्हणून टोन जिवंत दिसतो. बोटाने घासलं की ग्राफाईट खळग्यांत भरतं, वर बोटाचं तेल लागतं, मग ते खोडताही येत नाही. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा (1859–1891) ठिपक्यांच्या पेंटिंगसाठी सगळ्यांना माहितीये, पण त्याची काळ्या कॉन्टे खडूतली (हा चित्रकारांचा कडक खडू) रेखाटनं जरूर शोधून बघा. जाड पोताच्या कागदावर खडू कमीजास्त दाबून माणसं, झाडं, रस्ते काढलेत, आउटलाईन अशी जवळजवळ नाहीच. अंधारातून माणूस हळूहळू वर येतो आणि कागदाचा पोत सगळीकडे दिसत राहतो. ते बघितल्यावर घासायची इच्छाच होणार नाही.

प्रश्न : सावलीच्या बाजूला अगदी कडेला थोडा उजेड दिसतो, तो परावर्तित प्रकाश असतो असं वाचलं. पण मी तो दाखवला की चेंडू काचेचा किंवा स्टीलचा वाटायला लागतो.

कारण तुम्ही तो फार उजळ करताय, आणि सगळेच करतात. नवीन काही दिसलं की आपण ते दाखवायच्या नादात मोठं करतो. दिव्याचा प्रकाश टेबलावरच्या कागदावर पडतो, तिथून उडून चेंडूच्या खालच्या बाजूला लागतो, म्हणून तिथे अंधार थोडा पातळ होतो. पण तो राहतो सावलीच्या घरातच. आजूबाजूला गडद असल्यामुळे डोळ्याला तो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो.

खात्री करायची तर एका जाड कागदाला पेन्सिलच्या टोकाने दोन छिद्रं पाडा, बोटभर अंतरावर. कागद असा धरा की एका छिद्रातून तो परावर्तित उजेड दिसेल आणि दुसऱ्यातून उजेडाच्या बाजूची मध्यछटा, म्हणजे हद्दीजवळची मधली छटा. आजूबाजूचं झाकलं गेलं की कळतं, ज्याला आपण जवळपास पांढरा समजत होतो तो चांगलाच करडा आहे. मग चेंडूखालचा पांढरा कागद काढून काळं कापड घाला, तो उजेड जवळजवळ नाहीसा होईल. लाल कागद घातला तर खालून लालसर झाक येईल. एकदा हे हाताने करून बघितलं की परावर्तित प्रकाश हा कडेला द्यायचा ठरलेला पट्टा राहत नाही, तो शेजारच्या वस्तूकडून येतो हे डोक्यात पक्कं बसतं आणि मग तुम्ही आपोआप विचारायला लागता की शेजारी काय आहे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आकाशात आहे. अमावस्येनंतर दोन-तीन दिवसांनी बारीक कोर दिसते तेव्हा चंद्राचा उरलेला गोलही अंधुक राखाडी दिसतो. तो उजेड पृथ्वीवरून गेलेला असतो, सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पडून तिकडे उडालेला. चित्रकार लिओनार्डो दा विंचीने हे ओळखलं होतं. आणि गॅलिलिओने 1609 मध्ये दुर्बीण चंद्राकडे लावली तेव्हा उजेड-अंधाराच्या हद्दीवरचे ठिपके आणि सावल्या बघून तिथे डोंगर आणि खड्डे आहेत हे त्याला कळलं, त्याला चित्रकलेतली छाया समजत होती याचा तिथे उपयोग झाला असं बरेच अभ्यासक मानतात. मला हे फार आवडतं. पुढच्या कोरीला नक्की बघा, आणि कोरीच्या मानाने तो राखाडी उजेड किती कमी आहे तेही बघा. चेंडूच्या कडेचाही तेवढाच बेताचा हवा.

प्रश्न : कोणता टोन जास्त गडद आहे हे मला प्रत्यक्ष बघून कळतच नाही. फोटो ब्लॅक अँड व्हाईट केला की कळतं. माझ्या डोळ्यात काही दोष आहे का?

अजिबात नाही, डोळे उत्तम आहेत. दृष्टीचं कामच हे आहे की वस्तू कोणत्याही उजेडात ओळखू यावी, त्यामुळे मेंदू सावली वजा करून वस्तूचा मूळ रंग आपल्याला दाखवतो. एडवर्ड एडेल्सन या शास्त्रज्ञाने 1995 मध्ये बुद्धिबळाच्या पटासारखं एक चित्र केलं, पटावर एका नळकांड्याची सावली पडलीये. सावलीबाहेरचा एक काळा चौकोन आणि सावलीतला एक पांढरा चौकोन दोन्ही अगदी एकाच करड्या रंगाचे आहेत, पण शंभर वेळा सांगूनही डोळ्याला ते पटत नाही. दोन्हींच्या मधे त्याच रंगाची पट्टी ठेवली की मगच पटतं. मी हे चित्र शिकवताना नेहमी दाखवते, आणि दरवेळी माझाही डोळा तितकाच फसतो.

म्हणजे तुम्ही पांढरा शर्ट काढता तेव्हा डोकं सांगत असतं 'पांढरा आहे', आणि हात सावलीतल्या घड्या फिकट काढतो. काळे केस काढता तेव्हा डोकं सांगतं 'काळे आहेत' आणि उजेडात चमकणारी बटसुद्धा काळीकुट्ट होते. खरं तर भर उन्हात ठेवलेला काळा कागद खोलीत दिव्याखाली ठेवलेल्या पांढऱ्या कागदापेक्षा कितीतरी जास्त उजेड डोळ्यांकडे पाठवतो. कडक उन्हात साधारण 1,00,000 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि घरात 300 ते 500, काळ्या कागदाने त्यातला 5 टक्के जरी परत पाठवला तरी गणित कुठे जातं बघा.

उपाय म्हणजे वर सांगितलेला छिद्रांचा कागद, किलकिले डोळे, आणि तुलना. एकट्या टोनकडे बघून तो किती गडद आहे हे कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. बसल्यावर आधी समोरची सगळ्यात गडद जागा शोधा, मग सगळ्यात उजळ, आणि बाकी सगळं या दोघांच्या मधे लावत जा, हा त्याच्यापेक्षा गडद की फिकट एवढंच विचारत. फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून बघायला काहीच हरकत नाही पण आधी स्वतः अंदाज बांधा आणि मग ताडून बघा, उलटं केलं तर डोळा तयार होत नाही.

आणखी एक, उन्हातलं दृश्य तुम्ही जसंच्या तसं कागदावर आणूच शकत नाही. तिथला सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद यांच्यातला फरक कागद आणि चारकोल (चित्रकलेचा कोळसा) यांच्या फरकापेक्षा खूप मोठा असतो. कागदाच्या पांढऱ्यापेक्षा पांढरं आपल्याकडे काहीच नाही. म्हणून टोन मोजून उतरवायचे नाहीत, त्यांची आपापसातली नाती जपायची. हायलाईट, म्हणजे वस्तूवरची सगळ्यात उजळ जागा, चमकत नसेल तर हायलाईटला काही करता येत नाही, त्याच्या आजूबाजूचं एक पायरी खाली आणावं लागतं.

प्रश्न : पडलेली सावली किती गडद काढायची आणि तिची कड शार्प ठेवायची की ब्लर? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

प्रत्येक जण बहुतेक आपापल्या दिव्याबद्दल सांगत असणार. कड दोन गोष्टींवर ठरते, प्रकाशाचा उगम केवढा दिसतो आणि सावली वस्तूपासून किती लांब पडलीये. उन्हात पेन्सिल भिंतीला चिकटवून धरा, सावली सुरीने कापल्यासारखी दिसेल. आता पेन्सिल भिंतीपासून हळूहळू लांब न्या, कड विरघळत जाईल. सूर्य आपल्याला आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे वस्तूपासून 1 मीटरवर पडलेल्या सावलीची कड साधारण 9 मिलिमीटर इतकी धूसर होते, आणि 10 सेंटीमीटरवर जेमतेम 1 मिलिमीटर. म्हणून झाडाच्या बुंध्याची सावली मुळाशी रेखीव असते आणि तीच शेंड्यापर्यंत जाता जाता मऊ होते. एकाच सावलीत दोन्ही असतं! ढगाळ दिवशी सगळं आकाशच दिवा होतं, मग कड उरतच नाही, फक्त वस्तूच्या बुडाशी एक गडद रेघ राहते.

ती बुडाची रेघ कधी विसरू नका. वस्तू टेबलाला टेकते त्या फटीत कुठूनच उजेड शिरत नाही, ती चित्रातली सगळ्यात गडद जागांपैकी एक असते. ती नसेल तर वस्तू तरंगते. तिथून सावली जशी लांब जाते तशी तिच्यात इकडचातिकडचा उजेड मिसळतो आणि ती थोडी फिकट होते. आणि सावली ज्या पृष्ठभागावर पडते त्याचा आकार घेते, पुस्तकाच्या कडेवरून खाली उतरताना वळते, कापडाच्या घडीवर लाटेसारखी वरखाली होते. नुसत्या सावलीच्या वळणावरून खालची जमीन सपाट आहे की नाही ते सांगता येतं, म्हणून तिला राहिलेल्या जागेत भरायचं काळं असं समजू नका.

प्रश्न : शेडिंगसाठी पेन्सिलींचा मोठा सेट घ्यायला हवा का?

नको. एचबी, 2बी आणि 4बी, हव्या तर एक 6बी. 1795 मध्ये निकोला-जाक कॉन्टेने ग्राफाईटच्या भुकटीत माती मिसळून भाजायची पद्धत काढली तेव्हापासून पेन्सिलीचा मऊकडकपणा ठरवता यायला लागला, माती जास्त तर कडक आणि फिकट, ग्राफाईट जास्त तर मऊ आणि गडद. सेटपेक्षा टोक सतत लांब आणि तासलेलं ठेवणं जास्त उपयोगाचं. एकच अडचण, ग्राफाईट खूप दाबलं की चमकतं, आणि गडद जागा चमकली की ती गडद राहत नाही. खोल काळा हवा असेल तर चारकोल घ्या.

हॅचिंग (जवळजवळ रेषा मारून केलेलं शेडिंग) बरं की गुळगुळीत शेडिंग असंही दोघांनी विचारलंय. दोन्ही बरं. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या (1606–1669) एचिंग्जमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून छापलेल्या चित्रांत, रेषांवर रेषा देत देत काळोख कसा दाट केलाय ते बघा, आणि त्या काळोखातही आकृत्या वावरताना दिसतात.

प्रश्न : माझं वय 61. नोकरीतून मोकळी झाल्यावर चित्रकला सुरू केली. आता नातेवाईकांचे चेहरे काढायचेत. मोबाईलमधल्या फोटोंवरून काढते, नाक डोळे जागेवर येतात पण चेहरा मुखवट्यासारखा दिसतो. नाक तर नेहमी चिकटवल्यासारखं.

नमस्कार, तुमचं पत्र वाचून खूप छान वाटलं. तुम्ही पाठवलेला फोटो बघितला, तो फ्लॅशने काढलेला आहे. फ्लॅश कॅमेऱ्याला लागूनच असतो, म्हणजे उजेड तुमच्या नजरेच्याच दिशेने जातो आणि सावल्या वस्तूच्या मागे लपतात. चेहऱ्याला आकार देणारी माहितीच त्या फोटोत नाहीये, मग ती चित्रात कुठून येणार? तुम्ही कितीही मेहनत घेतलीत तरी नाकाला दोन बाजूंनी रेषा काढण्याशिवाय मार्ग उरत नाही, आणि त्या रेषा काढल्या की ते चिकटवल्यासारखं दिसतं.

ज्यांचा चेहरा काढायचाय त्यांना खिडकीशी बसवा. ऊन थेट आत येणारी खिडकी नको. चेहरा खिडकीला थोडा तिरका, खोलीतले दिवे बंद. लिओनार्डोने आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय की संध्याकाळ होताना किंवा ढगाळ हवेत चेहऱ्यांवर केवढा मऊपणा आणि गोडवा येतो ते बघा, आणि तेव्हाच चेहरे काढा. तो सल्ला आजही तितकाच कामाचा आहे.

मग नाकाला चार बाजूंची वस्तू समजा, एक वरची अरुंद पट्टी, दोन उतार आणि एक खालचा तळ. खिडकी डावीकडे असेल तर डावा उतार उजेडात, उजवा सावलीत, तळ सावलीत, आणि तळाखाली ओठावर पडलेली सावली. डाव्या उताराला रेष द्यायचीच नाही, तो गालात मिसळला तर मिसळू दे. डोळ्याचंही तसंच, पांढरा भाग पांढरा नसतो, वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडते. पांढरा कोरा ठेवला की चेहरा दचकल्यासारखा दिसतो.

एक अनुभव सांगते. शिकत होते तेव्हा संध्याकाळी आई खिडकीपाशी काहीतरी निवडत बसायची आणि मी तिला काढायचे. एका संध्याकाळी तिच्या सावलीतल्या गालाची कड काढून काढून थकले, गडद केली की चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसायचा, फिकट केली की सुजल्यासारखा. शेवटी पेन्सिल खाली ठेवून किलकिल्या डोळ्यांनी बघितलं, तर तिथे कडच नव्हती. तिचा गाल आणि मागची भिंत दोन्ही अंधारात एक झाले होते, कानाची पाळी तेवढी पुसट दिसत होती. रबर घेतलं, ती इतक्या मेहनतीने काढलेली रेष पुसली, गालाचा टोन सरळ भिंतीत नेला. आणि चेहरा वळला. कागदावर, माझ्या समोर, तो खिडकीकडे वळला. ते चित्र अजून माझ्याकडे आहे, हनुवटीपाशी रबराने कागद थोडा फाटलाय.

त्यानंतर मी इटालियन चित्रकार काराव्हॅज्योची (1571–1610) चित्रं पुन्हा बघितली तेव्हा कळलं की तो माणसांचे अर्धे खांदे, अर्ध्या पाठी सरळ काळोखात सोडून देतो आणि आपण ते न सांगता पूर्ण करून घेतो. जॉर्ज द ला तूर (1593–1652) या फ्रेंच चित्रकाराच्या एका चित्रात एक मुलगा मेणबत्तीपुढे हात धरून उभा आहे, ज्योत हाताआड गेलीये आणि उजेड त्याच्या कोवळ्या बोटांतून आरपार येतोय. टॉर्च तळहातामागे धरून बघा म्हणजे त्याने काय बघितलं असेल ते कळेल.

तुम्हाला सुचवेन की फोटो थोडे दिवस बाजूला ठेवा. एकाच माणसाला, एकाच खिडकीशी, आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास काढा, आणि प्रत्येक चित्रात चेहऱ्याची कुठली कड हरवतेय ती शोधून सोडून द्या. महिन्याभराने पहिलं आणि शेवटचं चित्र मला पाठवाल का? मला खरंच बघायचंय.

प्रश्न : मी सहावीत आहे. सावलीला नेहमी काळा किंवा ग्रे रंगच द्यायचा का? मी निळा दिला तर सगळे हसले.

तू बरोबर केलंस! निळा दिलास तेव्हा तू बघून दिलास की मनाने ते मला माहीत नाही, पण स्वच्छ आकाश असताना उन्हात पांढऱ्या कागदावर पडलेली सावली खरंच निळसर असते. सूर्याचा उजेड तिथे पोचत नाही पण आकाशाचा पोचतो, आणि आकाश निळं आहे. वर मोठ्या माणसांना मी हेच सांगितलंय, सावली म्हणजे उजेड नसलेली जागा नाही, तिथे दुसरीकडून कुठून तरी थोडा उजेड येतच असतो.

आता तुझ्यासाठी एक प्रयोग. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी बाहेर अजून निळसर उजेड असतो तेव्हा खिडकीपाशी पांढरा कागद ठेव. खिडकीच्या समोरच्या बाजूला पिवळ्या उजेडाचा दिवा लाव, पांढरा ट्यूबलाईट नको. मधे एक पेन्सिल उभी कर. कागदावर दोन सावल्या पडतील, एक इकडे एक तिकडे, आणि दोन्हींचा रंग वेगळा असेल. दिसल्या नाहीत तर दिवा थोडा लांब नेऊन बघ, दोन्ही उजेड साधारण सारखे झाले की रंग छान दिसतात. खडू घेऊन दोन्ही सावल्या जशा दिसतात तशा रंगव. मग खिडकीची सावली कोणती आणि दिव्याची कोणती ते ओळख, आणि दिव्याची सावली पिवळी का नाही याचं तुला जे कारण वाटेल ते चित्राच्या मागे लिहून मला पाठव.